आजचं वजन

पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या या गृहस्थांना सगळे फॉर्म्युलाभाऊ म्हणत, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. कुणी बेअरिंगची पेटी नेली की संगणकावरच्या एका चौकोनातला आकडा घटायचा, शेजारचा चौकोन आपसूक लाल व्हायचा आणि खरेदीची यादी तयार. "आपण एकाच ठिकाणी हात लावायचा, बाकीचे आपलं आपण बघून घेतात," असं ते नव्या माणसांना सांगत. आणि एक गोष्ट तर डबा खातानाही सांगत: "चौकोन रिकामा असला की हा संगणक गडी त्याला शून्य धरतो. आधी विचारायचं, आत काही आहे का. मगच पुढचं." लोक कंटाळायचे, पण ऐकून घ्यायचे.

बायकोचं हृदय थकलं तेव्हा या माणसाने आपल्याला येत होतं तेच केलं. डॉक्टर म्हणाले होते, अंगात पाणी साठलं की वजन झपाट्याने वाढेल; रोज सकाळी वजन करा, या आकड्याच्या वर गेलं तर तडक या. भाऊंनी घरच्या संगणकावर तक्ता मांडला. तारखेसमोर वजन भरायचं. वरचा मोठा चौकोन त्या दिवसाचं वजन उचलून मर्यादेशी ताडून बघणार. जास्त असलं तर लाल, 'डॉक्टरांना फोन'. नाहीतर हिरवा, 'सगळं ठीक'.

"मी काय बेअरिंग आहे का?" बायको म्हणाली.

"बेअरिंग संपलं तर दुसरं मागवता येतं," भाऊ म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात चौकोन लाल झाला. दवाखाना, इंजेक्शन, घरी परत, निभावलं. पण भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कितीतरी दिवस ते ताटावर बसून नुसतं अन्न चिवडत राहिले.

त्यानंतर मात्र चौकोन पुन्हा लाल झाला नाही. भाऊंची दाढी उरकेपर्यंत बायको वजन करून आकडा भरून मोकळी झालेली असायची. भाऊ खांद्यावर टॉवेल टाकून हिरवा रंग बघत आणि चार घास जास्त खाऊन कामाला जात.

"पावलं सुजल्यासारखी वाटतात गं," एकदा तिच्या घट्ट झालेल्या चपलांकडे बघून ते म्हणाले.

"तक्ता काय म्हणतो?"

"ठीक म्हणतो."

"मग झालं तर."

कारखान्यात प्रत्येक वस्तू हातात घेऊन पारखणाऱ्या माणसाने घरात पडद्यावर विश्वास ठेवला. राग येतो, पण तो काढायचा कुणावर?

एका सकाळी तिला मोरीपासून खाटेपर्यंतही चालवेना. हॉस्पिटलात भाऊंनी मोबाइलवर तक्ता उघडून डॉक्टरांपुढे धरला. "कालपर्यंत सगळं ठीक होतं हो." डॉक्टरांनी तिच्या पायावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. नर्सने वाचलेलं वजन मर्यादेच्या कितीतरी वर होतं.

भाऊ खाटेशी वाकले. "तू खोटं भरत होतीस?"

"लाल झालं की तुम्ही जेवत नाही," ती धापा टाकत म्हणाली. "मला नाही बघवत ते."

त्यांना रागावता आलं नाही आणि रडताही आलं नाही. त्यांनी तिचं पांघरूण सारखं केलं. त्या खाटेवरून ती घरी आलीच नाही.

पाहुणे पांगले, लेक तेवढी मागे राहिली. भाऊंनी तक्ता पुसून टाकावा म्हणून संगणक लावला. आजच्या तारखेसमोर वजन नव्हतं, आणि वरचा चौकोन हिरवागार होता. 'सगळं ठीक.'

'आत काही आहे का' ही साऱ्या कारखान्याला शिकवलेली अट घरच्या तक्त्यात घालायची राहून गेली होती. ही जागा कधी रिकामी राहील असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. आणि त्यांच्या आधी रोज ती आकडा भरून ठेवायची, त्यामुळे चूक कधी दिसलीच नाही. दुरुस्ती एका ओळीची होती. त्यांनी बोटं कीबोर्डवर ठेवली आणि काढून घेतली.

"बाबा, ताट वाढलंय," लेकीने आतून हाक मारली. "कालपासून पोटात काही नाही तुमच्या."

"आलो."

संगणक तसाच चालू ठेवून ते ताटावर बसले. पहिला घास काही केल्या उतरेना. त्यांनी मान वळवून हिरव्या चौकोनाकडे बघितलं, पाण्याच्या घोटाबरोबर तो घास गिळला आणि दुसरा हातात घेतला.