रागावलेली मींड

नॅशव्हिलच्या स्टुडिओतून पहिलं बोलावणं आलं, तेव्हा मी तिशीत होते आणि भलतीच शहाणी होते. पुण्यात गुरुजींसमोर वर्षानुवर्षं व्हायोलिन घासलेलं. आता ट्रक, कुत्रा आणि पळून गेलेली बायको यांच्या कंट्री गाण्यात त्याच व्हायोलिनला फिडल म्हणून वाजवायचं? उपकार करायला निघाल्यासारखी निघाले. खरं तर अमेरिकेत आल्यापासून माझं वाजवणं फक्त घरातल्या फ्रिजने ऐकलं होतं. हे काम गेलं असतं तर पुन्हा फ्रिजच.

तिथे गेल्यावर या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, चपला काढल्या, शाल अंथरली, मांडी घालून व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवलं. स्टुडिओतल्या बिचाऱ्यांनी उभ्या माणसाचा माइक जमिनीपर्यंत आणला.

“दोन कडव्यांच्या मधले आठ बार तुमचे,” काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला. आठ बार म्हणजे चार-चार मात्रांची जेमतेम आठ आवर्तनं.

मी डोळे मिटले. षड्ज लावला, छान मुरू दिला. रिषभाकडे हळूच वळते तोच गायकाचं पुढचं कडवं सुरू!

“मॅम, सुंदर. पण आठ बार संपले.”

“अहो, मी अजून सुरुवात कुठे केलीय?”

“तेच म्हणतोय.”

पुन्हा तेच. पुन्हा तेच. बँजोवाल्याने वाट बघून सँडविच खायला काढलं. तेवढ्यात हेडफोनमध्ये कुजबुज आली, “दुसऱ्या कुणाला बोलवू या का?”

माझं डोकंच फिरलं. पुढच्या वेळी षड्ज नाही, आलाप नाही; एखाद्याला कान धरून फरफटत न्यावं तशी स्वर न तोडता वरून खालपर्यंत घसरत एक मींड ओढली आणि शाल गुंडाळायला घेतली.

“हेच! मॅम, उद्या येणार ना?”

गेले ना मी. तेव्हापासून ती मींड माझ्या मानगुटीवर बसली आहे. ज्या स्टुडिओत जावं तिथे एकच फर्माईश, “ते तुमचं रडणं टाका ना.” रडणं? अरे, मी भडकले होते!

आता मॉरिसव्हिलला लेकीकडे असते. गुडघे मांडी घालू देत नाहीत, म्हणून आवाज घुमू नये अशा तिच्या कपड्यांच्या क्लोझेटमध्ये खुर्ची टाकून रेकॉर्ड करते आणि स्टुडिओवाल्यांना फाइल पाठवते. हेडफोन लावून नात ऐकते नि तोंड वाकडं करते, “आजी, नॉट अँग्री इनफ.”

दर वेळी मी मींडेआधी थोडासा आलाप चिकटवून पाठवते. दर वेळी ते मेले तो कापतात आणि मींड तेवढी ठेवतात. त्याचा मला असा काही संताप येतो, की पुढच्या गाण्यातली मींड अगदी फर्स्ट क्लास लागते.