जहीरभाऊंचं सोसन

जहीरभाऊंचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नागभीडच्या आमच्या राईस मिलचं बॉयलर ते पेटवायचे. आम्ही हमाल पोचेपर्यंत वाफ तयार असायची. वाफेसाठी धान थांबलं असं एकदाच झालं.

१९९३च्या हिवाळ्यात एक काश्मिरी शालवाला गावात तापाने पडला. जहीरभाऊंच्या बायकोने, जाहिदाबाईंनी, त्याला ओसरीत ठेवून पेज पाजली. पुढच्या हिवाळ्यात तो सोसनचे, म्हणजे आयरिसचे, पाच कंद घेऊन आला. कंबरेएवढ्या दांड्यावर जांभळं फूल येतं म्हणाला.

कंद दिसायला आल्यासारखे. शेजारच्या सुगंधाबाई म्हणाल्या, "हळदीसारखे लावा, भाऊ. खोल. वरून माती चढवा." आमच्याकडे कंद म्हटला की हेच. जहीरभाऊंनी धानाच्या बांधीतली काळी माती डोक्यावर वाहून आणली आणि कंद गाडले. पावसाळ्यात चार सडले. पाचवा अर्धा उरला.

थंडीत शालवाल्याने तो बोटाने उकरला. "इसकी पीठ खुली रखो. धूप लगने दो."

वाहून आणलेली सगळी माती जहीरभाऊंनी परत फेकली. मुरूम चाळला, त्यात बॉयलरमधली तुसाची राख मिसळली, उंच वाफा केला. कंदाची पाठ उघडी ठेवली. पावसाळ्यात वर टिनाचा पत्रा. कामावरून आले की जेवणाआधी पत्र्याखाली हात घालून ओल बघायचे.

"लेकरायलेबी एवढं नाई पाह्यलं," जाहिदाबाई म्हणायच्या.

"लेकरू भिजलं तर रडते. हे सांगत नाई."

तीन वर्षं नुसती पाती. सुगंधाबाई कुंपणावरून विचारायच्या, "भाऊ, हा कांदा खायचा कवा?"

१९९९च्या फेब्रुवारीत दांडा आला. पुढे एका पहाटे कळी फुटायला आली होती. जहीरभाऊ उजेड होईपर्यंत तिच्यापुढे बसून राहिले. मिलमध्ये धान थांबलं. आम्ही बघायला गेलो, तर फूल उघडलेलं. तीन पाकळ्या उभ्या, तीन खाली लवलेल्या, त्यांवर पिवळी दाढी.

"भाऊ, तुमच्यापेक्षा याची दाढी दाट आहे," सुगंधाबाई म्हणाल्या. जहीरभाऊ हसले आणि बॉयलरकडे निघाले.

पुढे शालवाल्याने पांढरं आणलं, मग पिवळं. तेही लागलं.

२००४ला जहीरभाऊंनी काम सोडलं. साठवलेल्या मजुरीतून घरावर स्लॅब पडेल असं आम्ही धरून होतो. त्यांनी सोसनसाठी कंबरेएवढा विटांचा ओटा बांधला, पाणी निथळायला खाली भोकं, वर लोखंडी खांबांवर पत्रा.

"घर गळते ना, भाऊ," मी म्हटलं.

"घरात गळते तिथं गंज-भांडं ठेवता येते," जाहिदाबाईंनीच उत्तर दिलं.

घरावर अजून मातीचे कवेलू आहेत. ओटा पक्का आहे.