दोन्ही हातांनी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरी शाळेचा विषय निघाला की पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचो. आता मात्र ती जशी घडली तशी लिहून ठेवतो.

दिल्लीतल्या एका शाळेत मी पहिलीला शिकवत असे. मधल्या सुट्टीत कँटीनवर लक्ष ठेवायचं कामही माझ्याकडेच होतं. पळायचं नाही, पुढच्याला ढकलायचं नाही, हे अंगवळणी पडावं म्हणून मी मुलांना पाणी भरलेल्या थाळ्या घेऊन चालायला लावायचो. "थाली दोनों हाथों से थाम!" हे माझं रोजचं वाक्य.

वर्गात पानिपतहून आलेली एक मुलगी होती. रांगेत कायम पुढे आणि आवाज सगळ्यांत मोठा. "हटो यार, गरम है!" एकदा मीच चालून दाखवत होतो, तर म्हणाली, "सर, आपका तो छलक रहा है. लाइन में पीछे जाओ!" वर्ग हसला. मी मुकाट्यानं मागे जाऊन उभा राहिलो.

एका दुपारी टेबलाच्या कडेचं डाळीचं पातेलं कलंडू लागलं. ती शेजारीच होती. मी ओरडलो, "थांब!" घाबरलो की माझ्या तोंडून मराठीच निघते. तिनं ऐकलं 'थाम'. मी शिकवलं होतं तसं, दोन्ही हातांनी तिनं ते गरम पातेलं धरलं.

तळव्यांना पट्ट्या बांधलेली ती मुख्याध्यापिकांच्या खोलीत म्हणाली, "सर ने ही बोला था, थाम."

काय झालं ते मला तिथेच उमगलं. तरी मी म्हणालो, "मैंने तो रुकने को कहा था." बोललो ते खोटं नव्हतं, म्हणूनच ते सोपं गेलं. तिचे वडील तिच्यावरच चिडले. "झूठ बोलती है? सर से माफ़ी माँग."

तिनं मागितली.

हात बरे झाले. वर्ष संपताच ते लोक पानिपतला परतले. नंतरची मुलं नीट रांगेत चालायची, पण पुढून तो आवाज यायचा नाही. अजूनही स्वयंपाकघरातून ताट घेऊन निघालो की पावलं आपोआप मंदावतात. कुणीतरी म्हणावं, सर, छलक रहा है.

निवृत्तीनंतर एकदा करोल बागच्या मेट्रो स्टेशनवर एक तरुणी समोर येऊन उभी राहिली. "नमस्ते सर! अब भी छलकाते हो?"

तिच्या जोडलेल्या हातांकडे मी बघत राहिलो. तिच्याच भाषेत जुळवून ठेवलेलं वाक्य मनात तयार होतं. तोंडून निघालं, "अच्छा, संभल के जाना, बेटा."

"बिल्कुल सर, दोनों हाथों से!" हसत ती गर्दीत शिरली. हाक मारायला मी तोंड उघडलं, तर ओठांवर 'थांब' आला. तो काही उच्चारवेना. त्याच्या मागचं वाक्यही मग तसंच राहिलं: बेटा, तूने ठीक सुना था. झूठ मैंने बोला था. मुझे माफ़ कर दे.