वालाला फुलं आली का?

बाळंतपणाला गेलं की त्या घराला मिळतं एक बाळ. मला मात्र किस्से मिळतात, जुळे आणि तिळे! वर्षभरात एवढे साचलेत की मी कोरीटला घरी गेले, की पायातली चप्पल निघायच्या आत जाऊबाई म्हणतात, "बॅग राहू दे तिकडे. बस आणि सांग."

तर सांगते.

मी नर्स. नंदुरबारला एका दवाखान्याच्या लेबर रूममध्ये माझं सगळं तरुणपण गेलं. "जोर लाव! अजून लाव!" असं ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय, की घरी मीठ मागितलं तरी माणसं दचकतात. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका छोट्या संस्थेने विचारलं, "काठी गावाच्या पलीकडे डोंगरात एक पाडा आहे. पावसात रस्ता तुटतो, बायका घरीच बाळंत होतात. तिथे राहाल का वर्षभर?"

मी हो म्हणून टाकलं. नवऱ्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. माझं वजन, माझे गुडघे, सगळं त्याच्या नजरेत मावेना. मग म्हणाला, "तू पोचशी तवय पोऱ्या चालाले लागी जाई!"

* * *

पाड्यावर माझ्या शेजारचं घर सेगीबाईचं. सेगीबाई म्हणजे पाड्याची सुईण. वाळलेल्या लाकडासारखी काटक, आणि बोलणं त्याहून कमी. तिची सून रुमली, हसरी पोरगी. तिथे सगळे पावरी बोलतात, आणि लहानथोर सगळेच एकमेकांना 'तू' म्हणतात. माझी पावरी ऐकून शेळ्यासुद्धा मान वळवून बघायच्या, म्हणून त्यांचं बोलणं मी मराठीतच सांगते.

रुमलीने ओळख झाल्या झाल्या सांगितलं, "मागच्या खेपेला माझं खूप रक्त गेलं. सासूने वाचवलं. आता परत दिवस गेलेत. या वेळी तू ये."

मी म्हटलं, "मी येणं सोड, तू सरळ दवाखान्यात चल. गाडी बोलवू."

तेवढ्यात सेगीबाई पाठीमागून म्हणाली, "माझी पोरगी गाडीत बसून गेली होती. गाडी परत आली, ती नाही आली."

एवढं बोलून ती शेळी सोडायला निघून गेली. मी, जी मिठासाठीही ओरडते, तिने गाडीचा विषय तिथेच सोडला. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात सतत एकच: रुमलीच्या वेळी यांनी मला वेळेत बोलवावं. आणि गरज लागलीच, तर गाडीसुद्धा बोलवू द्यावी.

* * *

पण बोलवणार कसं? मला कोणी बोलवतच नव्हतं!

बॅग तयार, हातमोजे तयार, इंजेक्शनं तयार, आणि मी दारात बसून वालाच्या वेलाला काड्या लावतेय. एका दुपारी खेमा नावाचा एक जण आला. पायरीवर बसला. बराच वेळ वेलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वालाला फुलं आली का?"

मला एवढा आनंद झाला! कोणीतरी बोलायला आलं! म्हटलं, "आली ना! बघ की!" त्याला काळा चहा दिला, बिस्किटं दिली, आमच्या कोरीटच्या मिरचीपासून नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत सगळं सांगितलं. तो मान हलवत होता. शेवटी उठला, माझ्या बॅगेकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी कळलं, त्याची बायको बाळंत झाली. मी चिडले! म्हटलं, "अरे, काल माझ्याकडे बिस्किटं खाऊन गेला, एक शब्द बोलला नाही!"

मग एक म्हातारा आला. तो म्हणाला, "तुझी कोंबडी अंडी देते का?" मी त्याला कोंबडीचं खाद्य, खुराडं, रोग, सगळं समजावून सांगितलं. त्याची सून त्याच संध्याकाळी बाळंत झाली.

पाड्यावर माझ्याबद्दल काय मत झालं होतं, ते रुमलीने नंतर सांगितलं. म्हणे, "बाई चांगली आहे. चहा देते. पण बोलवलं तर येत नाही!"

* * *

उलगडा झाला तो रुमलीचं पोट तपासताना. मी नेहमीचं गाऱ्हाणं लावलं होतं, की मला कोणी बोलवत नाही. सेगीबाई चुलीपाशी मका भाजत होती. ती म्हणाली, "खेमा आला होता ना बोलवायला."

"खेमा? तो तर वालाबद्दल बोलायला आला होता!"

"मग कशाबद्दल बोलणार?"

"बायकोला दुखायला लागलंय, एवढं सांगायला काय होतं?"

सेगीबाईने कणीस उलटं केलं. "कळा सुरू झाल्या, की बाळ येऊन बाई चुलीपाशी उठून बसेपर्यंत त्याबद्दल बोलायचं नाही. बोललं की अडतं."

"मग मला कळायचं कसं?"

आता मात्र सेगीबाईने माझ्याकडे बघितलं, जशी मी लेबर रूममध्ये नवीन आलेल्या पोरींकडे बघायचे. "भर दुपारी, शेतातलं काम टाकून, एक गडी तुझ्या पायरीवर येऊन बसतो. तो काय तुझा वाल बघायला येतो?"

रुमली एवढी हसली, की मला पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला थांबावं लागलं.

* * *

त्यानंतर मी हुशार झाले. जरा जास्तच.

एका दुपारी वरच्या टेकडीवरचा जात्या आला. पायरीवर बसला. गप्प. मी आत जाऊन बॅग उचलली, पदर खोचला. त्याने तोंड उघडलं, "तुझा वाल..."

"कळलं, कळलं! चल!" म्हणून मी निघालेसुद्धा. अख्खी टेकडी चढले. तो बिचारा मागून "अगं, अगं" करत पळतोय. मी म्हटलं, "बोलू नकोस! अडेल!"

घरी पोहोचले तर त्याची बायको अंगणात आरामात ज्वारी पाखडत होती. पोट सपाट. शेजारी सासू. तिचं वय तर विचारायलाच नको.

मी धापा टाकत जात्याकडे बघितलं. तो म्हणाला, "वालाचं बी पाहिजे होतं."

* * *

त्याच टेकडीवर खऱ्या बाळंतपणालाही गेले, जमना नावाच्या बाईच्या. चढून गेले तोवर माझा श्वास असा चालला होता, की आवाज ऐकून घरातल्या बायका बाहेर आल्या. मी दारातच भिंत धरून उभी. आणि जमना, जिला कळा येत होत्या ती जमना, उठली आणि तिने मला पाणी आणून दिलं!

आधीच येऊन बसलेली सेगीबाई म्हणाली, "आधी हिला झोपवा."

पुढचं ऐका. तिकडे आढ्याला दोर बांधतात. बाई तो धरून उकिडवी बसते, कळ आली की दोराला लटकते. मला तोवर दवाखान्यातल्या टेबलाचीच सवय. मला काळजी, आढं तुटलं तर? म्हटलं, आधी मी बघते. दोर धरला आणि सगळा भार टाकला.

आढं तुटलं नाही. पण वर मक्याच्या कणसांच्या जुड्या टांगल्या होत्या. त्या सगळ्या धडाधड माझ्या डोक्यावर आल्या! मी खाली बसलेली, अंगावर मका, आणि घरभर हसू. जमना तर दोर सोडून पोट धरून हसायला लागली. हसता हसता कळ आली, कळेबरोबर हसू, आणि बघता बघता पोरगी बाहेर!

तेव्हापासून वरच्या टेकडीवरून निरोप येतो: "वालाला फुलं आली का, आणि मका काढून ठेवलाय!"

* * *

आता बापूभाऊबद्दल सांगायला पाहिजे. बापूभाऊ म्हणजे गाडीवाला, आमच्या कोरीटकडचाच. गाडी खालच्या पुलापर्यंत येते, तिथून वर पायवाट. माणूस सोन्यासारखा, पण आवाज माझ्यापेक्षा मोठा.

एकदा एका बाईला मी महत्प्रयासाने दवाखान्यासाठी तयार केलं. झोळी करून तिला पुलाच्या जवळ आणतोय, तेवढ्यात बापूभाऊने हॉर्न धरला. एकदा, दोनदा, लग्नाच्या वरातीसारखा! शिवाय खिडकीतून डोकं काढून ओरडला, "डिलिव्हरी कोनी शे? चला, लवकर चला!"

झोळीवाल्यांनी जागच्या जागी तोंड फिरवलं आणि बाईला घेऊन परत डोंगर चढायला लागले. मी मध्येच, ना इकडे ना तिकडे.

नशिबाने ती घरी सुखरूप बाळंत झाली. सेगीबाईने मला एवढंच सांगितलं, "त्याला म्हणावं, गाडी ओरडत असेल तर तिला चारा घाल."

मी बापूभाऊला सगळी रीत समजावली. वाल, कोंबडी, न बोलणं, सगळं. तो डोकं खाजवत म्हणाला, "हाई नवीनच शे! मंग मी काय मुका बसू?"

"बसून बघ ना, भाऊ. मी पण शिकतेय."

"तुम्ही?" तो म्हणाला. आणि एवढा हसला, की मला रागच आला.

* * *

आता शेवटचा. आधीच सांगून ठेवते, रुमली ठणठणीत आहे. परवाच माझ्या वेलावरच्या शेंगा मला न विचारता तोडून घेऊन गेली. म्हणून हसत सांगतेय.

दुपारची वेळ होती. मी भांडी घासत होते. पायरीवर कोणीतरी बसल्याचं जाणवलं. बघते तर सेगीबाई. शेजारचं घर, हाक मारली तरी ऐकू येतं. पण ती चालत आली होती, पायरीवर बसली होती, आणि वेलाकडे बघत होती.

इतक्या महिन्यांत ती माझ्या पायरीवर कधीच बसली नव्हती.

"वालाला फुलं आली का?" ती म्हणाली.

मी राखेच्या हातानेच बॅग उचलली.

बाळ छान आलं. मुलगा, रडका. वारही पडली. पण रक्त थांबेना. मी इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, बाळाला अंगाशी लावलं. रक्त कमी झालं, पण मला हवं तेवढं नाही. रुमलीचे ओठ पांढरे दिसायला लागले. सेगीबाई दुसऱ्या बाजूने तिचे पाय चोळत होती. तिलाही दिसत होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

गाडी पाहिजे होती. आत्ता. पण रुमली अजून चुलीपाशी उठून बसली नव्हती. घर माणसांनी भरलेलं. मी 'गाडी' म्हटलं असतं, 'रक्त' म्हटलं असतं, तर त्या घराचं दार मिटलं असतं, आणि आमच्या सगळ्यांच्या मध्ये सेगीबाईची ती न परतलेली पोरगी येऊन उभी राहिली असती.

सेगीबाईचा हात मी रुमलीच्या पोटावर ठेवला. "असंच दाबून धर. सोडू नकोस." आणि मी दारातल्या दगडावर चढले. फोनला रेंज तिथेच येते. आतल्या सगळ्यांना माझा शब्द न् शब्द ऐकू जात होता.

"बापूभाऊ," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका हळू. "बापूभाऊ, घरी सगळं बरं ना? मिरच्या कशा आहेत यंदा?"

मला वाटलं, संपलं. हा माणूस आता मला मिरचीचा भाव सांगणार!

मग बापूभाऊ, तितक्याच हळू, म्हणाला, "मिरच्या बऱ्या शेतस, ताई. मी पूलवर ई ऱ्हायनू."

मी आत वळले. सेगीबाईचा हात होता तिथेच होता. तिने आपल्या मुलाला, रुमलीच्या नवऱ्याला, नुसती मानेने खूण केली. त्याने कोपऱ्यातली गोधडी काढली आणि झोळीचा बांबू आणायला गेला. रुमलीला झोळीत घालून आम्ही निघालो. वाटेभर मी चालता चालता रुमलीचं पोट धरून होते, सेगीबाई बाळाला पदरात घेऊन मागे. माझे गुडघे दुखले का, मला आठवत नाही.

पुलावर गाडी उभी होती. हॉर्न नाही. मागचं दार उघडं. बापूभाऊ रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता, हात गुडघ्यांवर, तोंड घट्ट मिटलेलं. आम्ही रुमलीला आत घेतलं. सेगीबाई दारापाशी थांबली. बाळ तिच्या पदरात. ती गाडीकडे बघत होती. मी आत रुमलीचं पोट दाबून धरलं.

बापूभाऊ उठला. जन्मात एवढ्या हळू बोलला नसेल. म्हणाला, "आजी, यंदा वालले फुलं उनात का?"

सेगीबाईने त्याच्याकडे बघितलं. बाळ सावरलं, पाय वर टाकला आणि रुमलीच्या उशाशी जाऊन बसली.

मग आतूनच ओरडली, "फुलं काय विचारतोस मेल्या? हाण गाडी!"