भरतेशचे केळीचे बटाटे

आमच्या शेजारचा भरतेश अकरा वर्षं एका प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होता. शिकला सांगलीत, राबला स्पेनच्या किनाऱ्याला. तिथं त्याच्या वाट्याला मुख्य काम एकच, पतातास ब्रावास. नाव भारदस्त, बाकी काय, तर तळलेल्या बटाट्याच्या फोडी आणि त्यावर टोमॅटोचा तिखटजाळ रस. रोज पोतंभर बटाटे सोलायचा. आणि गंमत बघा, घर जैन, पोरगा नेमाचा. कंदमूळ कधी तोंडात घातलं नाही. मीठ-तिखट बरोबर आहे का, हे तो बाजूच्या गोव्याच्या स्वयंपाक्याला चाखायला लावून विचारायचा.

पण हा दिवसभर बटाट्या-कांद्यात हात घालतो, हे कळल्यापासून त्याची आई, चंदनबाला आक्का, त्याच्या हातचं काही खाईनात. भांडण नाही, बोलणं नाही. सुटीवर आला की तो हौसेनं चहा करायचा आणि आक्का म्हणायच्या, "आत्ताच झाला माझा." पुढं जहाज सोडून तो कायमचा आला, विट्याच्या रस्त्याला छोटं हॉटेल काढलं, तरी तेच. लांबलांबची माणसं त्याच्याकडं जेवून जायची आणि आई घरात आपली भाकरी आपण थापायची.

परवाच्या श्रावणात त्यानं मनावर घेतलं. तोच पदार्थ, पण आक्कांच्या नेमात बसवलेला. दुपारी मला हाक मारली.

"आबा, बसा. आज आक्काला माझ्या हातचं खायला घालतो."

"आन् तिनं न्हाई खाल्लं तर?"

"तर तुमी हायसा की."

कढई नवी, तेल नवं. घरामागच्या परड्यातल्या केळीचा कच्चा घड उतरवला. चीक लागू नये म्हणून हाताला तेल चोळलं, साली काढल्या, फोडी ताकाच्या पाण्यात टाकल्या. ब्याडगी मिरच्या निखाऱ्यावर धुरकट भाजून टोमॅटोबरोबर वाटल्या. कांदा-लसणाच्या जागी हिंग. फोडी मंद तेलात एकदा तळल्या आणि निवत ठेवल्या.

आक्का उंबऱ्यात बसून एकदा कढईकडं, एकदा उन्हाकडं बघत होत्या. दिवस मावळल्यावर त्या पाण्याशिवाय काही घेत नाहीत.

"आरं, किती येळ? दिस बुडायला आला."

"दोनदा तळल्याबिगर कुरकुरीत हुईत न्हाई, आक्का."

दुसऱ्यांदा कडक तेलातनं काढून, वर लाल रस घालून त्यानं दोन ताटल्या आणल्या. आक्कांनी फोड उचलली. माझी तोवर गिळूनही झाली होती.

"लय भारी रं गड्या," मी म्हणालो. "निव्वळ बटाटा."

आक्कांचा हात खाली आला.

"बटाटा हाय व्हय रं?"

"न्हाई आक्का, केळ हाय. आपल्या परड्यातलं."

"मग आबा काय म्हनत्यात?"

"आवं, चवीला म्हनलो मी," असं म्हणून मी समजावायला लागलो. पण आक्कांनी जन्मात बटाटा चाखला नव्हता, चवीचा दाखला त्यांना कशाचा पटणार? मी बोलत गेलो तशी ताटली आणखीच लांब सरकली.

भरतेश उठला. गोठ्यात गेला आणि म्हशीपुढची सालींची पाटी ओढून घेऊन आला. निम्म्या तिनं खाल्ल्या होत्या. आक्कांनी उरलेल्या उलटसुलट केल्या, वास घेतला, चिकानं काळी पडलेली बोटं पदराला पुसली. मान हलवली. पण तोवर समोरच्या उसामागं दिवस गेला होता.

"खरं हाय, केळच हाय," त्या म्हणाल्या. "उद्या कर. तीनलाच चूल पेटीव. आन् आबास्नी बलवू नगंस."

दुसऱ्या दिवशी मी कुंपणाच्या अलीकडंच उभा राहिलो. चारच्या उन्हात आक्कांनी एकेक करून सगळ्या फोडी संपवल्या, वर तांब्याभर पाणी प्यायल्या आणि रिकामी ताटली भरतेशपुढं धरली.

"हाईत का आनखी?"