शिपाईबाबाचा अंबाडा

आमच्या घराण्यात गोऱ्यांच्या पलटणीतला एक शिपाई होऊन गेला, हे मी इतिहासाचा मास्तर म्हणून आयुष्यभर वर्गावर्गांतून सांगितलं. निवृत्तीच्या सत्कारात तर भाषणाच्या भरात त्याला बढती देऊन सुभेदार केलं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माझं डोकं चालत नाही. दसऱ्याला गावी, कोरीटला, पूर्वजाच्या नावाचा दगड बसवीन, असं मी तिथंच जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी नंदुरबारच्या पाथरवटाकडे दगड कोरायला टाकला. पुरावा मागाहून गोळा करू म्हटलं.

पुरावा होता एकच. कोरीटच्या थोरल्या घरी, देवघरात, टाकांच्या रांगेत चांदीचं एक पदक आहे. घरात त्याला शिपाईबाबा म्हणतात. त्यावर राणीचं डोकं आहे. बाबाला अंबाडा कसा, हा प्रश्न इतक्या पिढ्यांत कोणाला पडला नाही. मलाही नाही.

त्या शिपायाचं, म्हणजे माझ्या खापरपणजोबांचं नाव पक्कं करायला मी तलाठ्याकडे शेताचा जुना उतारा मागितला. घरी येऊन चप्पल काढतोय तोच जिभाऊचा फोन. जिभाऊ म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, घरचं वावर तोच कसतो.

"मास्तर, उतारा कसाले जोयजे तुले?"

"पूर्वज शोधी ऱ्हायनू, जिभाऊ."

"पूर्वज काय उतारामा ऱ्हातस? उतारामा वावर ऱ्हास."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेलो तेव्हा वहिनीने चहा दिला, पण तिची नजर माझ्या पिशवीवर. कागद काढतो की मोजायची टेप, हे तिला बघायचं होतं. पिशवीत भिंग होतं, तेही मी डब्यात लपवलेलं. प्रामाणिक माणूस डब्यात भिंग का लपवील, हे आजही मला सांगता येत नाही.

जिभाऊची आई, माझी काकू, देवघराच्या उंबऱ्यात बसली होती. नव्वदी ओलांडली तरी नजर घारीची.

"टाक आज मी उजळस, काकू."

"इतला वरीस ते कधी हात लाया नही."

तरी तिने चिंच आणि राख पुढे सरकवली, काठी मात्र मांडीवर आडवी घेतली. मी बाबा घासायला घेतला. कडेवरचं कुंकू सुटलं आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरं दिसली. डबा उघडला, भिंग लावलं. एक आकडा, मग हुद्दा, साधा शिपाई, मग नाव. नाव आमचं नव्हतं. शेवटी चक्क 'खान' होतं.

मनात आलं ते एकच: चोरी. आमच्या माणसाने मेलेल्याच्या छातीवरून हे ओरबाडलं आणि घरी आणून देव केला! आणि उद्या टेम्पोतून दगड येणार. तेव्हा इतिहासाच्या मास्तराने काय करावं? मी चिमूटभर राख घेतली आणि ती अक्षरं झिजावीत म्हणून अंगठ्याने जोर लावून घासू लागलो.

काठी माझ्या मनगटावर बसली.

"नाव पुसू नको."

"तुले माहीत शे, काकू?"

"मन्ही सासूनी सांगेल शे."

मग तिने सांगितलं. आमचा माणूस शिपाई नव्हताच. पलटणीतल्या साहेबांच्या घोड्यांना घास कापायचा. शिपाई त्याचा जोडीदार, नंदुरबारकडचाच. परमुलखात तापाने गेला. जाताना म्हणाला, हे घरी पोचव. आमच्या माणसाला ते घर सापडलं नाही.

"मंग आठेच ठेवं. पाहुणा शे तो. कोनी मांगाले ऊनं ते परत देवानं शे. म्हनीसन त्याले लोबान, आन मलिदा."

लोबान! बाकीच्या टाकांना उदबत्ती आणि बाबाला लोबान, हे मी लहानपणापासून बघत आलो. मलिदा तर दरवर्षी दोनदा मागून खाल्ला.

"पन तो आपला पूर्वज…"

"आपला पूर्वज शे अशे कोन म्हने? तूच म्हने. मास्तर शे ना!"

दारात उभ्या जिभाऊने सुस्कारा सोडला. "म्हंजे वावरनं काही नही ना?"

काकूने पदक माझ्या हातातून काढून घेतलं. "माले वाचता येत नही. तुले येस. मन्हा डोळा मिटाना पहिले त्यासनं घर धुंड."

माझी शंका अजून फिटलेली नाही. सासूने सुनेला सांगितलेली गोष्ट, साक्षीदार कोणी नाही. घासवाला चोर असता तरी सुनेला हेच सांगितलं असतं. पण चोर पाहुण्याला इतकी वर्षं मलिदा घालतो का? काकूला हे विचारायची छाती झाली नाही. मनगट अजून दुखत होतं.

दगड गावी बसलाच नाही, माझ्या घरामागच्या अंगणात पालथा पडलाय. बायको त्यावर कपडे आपटते.

कागदावर ते नाव उतरवून मी नंदुरबार शहरातल्या जुन्या मोहल्ल्यात हिंडतो. परवा एका म्हाताऱ्या सुताराने कागद दूर धरून वाचला, मग माझ्या पिशवीकडे बघितलं.

"खानदान का क्यों पूछ रहे हो? जमीन का मामला है क्या?"

"नाही चाचा. अमानत है. लौटाना है."

"तुम कौन उनके?"

सुभेदाराचा वंशज, हे जिभेच्या टोकावर आलं होतं.

"घास कापणाऱ्याच्या घरचा," मी म्हणालो.

त्याने रंधा खाली ठेवला आणि कागद पुन्हा वाचला. स्टूल मात्र माझ्याकडे सरकवलं नाही.