कोणाची पोरगी

सन १९८६. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. माझ्या धाकट्या पोरीला नागपुरात नर्सच्या ट्रेनिंगला बोलावणं आलं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं. ती म्हणे, "बाबा, मी एकटीच जातो." मी म्हटलं, जाशील तर माझ्यासंग, नाहीतर राहू दे. चारच वर्ग शिकलो असलो तरी आमच्या सौंसरात माझा शब्द कोणी खाली पडू देत नव्हतं. पोरगी मात्र माझ्यावरच गेलेली.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, शेजारच्या गुरुजींकडे टीव्हीवर सिनेमा होता. भाषा परमुलखाची. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती माझी पोरगी वाचून सांगायची. सिनेमातली मुलगी घर सोडून निघालेली. खांद्यावर झोळी. कुठं कापणी करते, कुठं भांडी घासते, मन उठलं की पुढे चालू लागते. संग ना नवरा, ना भाऊ. ज्या दारात जाईल तिथं लोक तिला आधी एकच गोष्ट विचारत.

"काय इचारून राहिले वं?" मी म्हटलं.

"कोणाची पोरगी होय म्हनते."

तिथं बसलेला एक संत्र्याचा व्यापारी हसला. "पाहा भाऊ, उद्या तुमचीबी अशीच झोळी घेऊन फिरन! तिकडं पांढुर्ण्यात तं एक पोरगी पळाली होती म्हनून दोन गावचे लोक अजून दरसाल नदीवर एकमेकाले गोटे मारून राहिले."

मी हसलो नाही. हातातला चहा तसाच निवला. शेवटी ती मुलगी एका लांब सडकेनं पाठमोरी चालत गेली अन् सिनेमा संपला.

"अवं, मंग पोचली का नाही थे?"

"थे नाही सांगतलं, बाबा."

एवढंही सांगितलं नाही! घरी येताना मी म्हटलं, "पाह्यलं ना? म्हनून म्हनतो, मी येतो संग."

ती रस्त्यातच थांबली. "बाबा, चैतात आपल्या बगीच्यात एक पोरगी पानी मागाले आली होती. पान्याचा गडवा उचलाच्या आंधी तुमी तिले काय इचारलं?"

मला चांगलं आठवत होतं. कोणाची होय, हेच विचारलं होतं. आमच्याकडे तशीच रीत. बाप कळला की मग पाणी, मग सावली. ती पोरगी काही बोलली नाही. तशीच तहानेली लोधीखेड्याच्या वाटेनं निघून गेली, भर उन्हात. ती तरी पोचली का, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

चुकलो असं पोरीला म्हटलं नाही. तसं म्हणायची मला सवय नाही. रातच्याला जेवलो मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पेटी मीच खांद्यावर घेतली. नागपूरच्या मोटरीच्या टपावर चढवली. पोरगी आत जाऊन बसली अन् मी खालीच उभा राहिलो. कंडक्टरनं दारातून मान काढली.

"एकटीच का? कोणाची पोरगी होय, बाबाजी?"

नाव सांगायला तोंड उघडलंच होतं. माझं नाव ऐकलं की वाटेतल्या बोरगावपर्यंत तरी तिच्याकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं नसतं.

"तिकीट थे काढून राहिली," मी म्हटलं, "तिलेच इचार."